गृहपाठासाठी माहितीसंग्रहाची निवड



मराठीच्या गृहपाठांत एक वाक्य वारंवार आढळते : 'या विषयावर मराठीत फारसे लेखन झालेले नाही.' ते लिहिणाऱ्याने शोध घेतलेला नसतो, असे नाही. दिवसभराचे काम आटोपून रात्री तासभर त्याने मोबाइलवर शोध घेतलेला असतो. परंतु ते लेखन जेथे असण्याची शक्यता नव्हती, अशा ठिकाणी. दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याजवळ वेळ मोजका असतो. म्हणून कोणत्या माहितीसंग्रहाकडे, म्हणजेच डेटाबेसकडे, कोणता प्रश्न घेऊन जावे हे आधी ठरविणे अगत्याचे आहे.

एक उदाहरण घेऊ. ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) या निबंधातील युक्तिवादाचे स्वरूप पार्श्वभूमीसह स्पष्ट करा, असा प्रश्न तुम्हांला आला आहे. वरवर पाहता हा एक प्रश्न आहे. शोधाच्या दृष्टीने मात्र ते तीन आहेत. मूळ निबंध कोठे वाचावयास मिळेल? तो ज्या काळात लिहिला गेला, त्या काळाची माहिती कोठे आहे? आणि समीक्षकांनी त्याविषयी काय म्हटले आहे? या तिन्हींची उत्तरे एकाच संग्रहात मिळावीत ही अपेक्षा सोडून द्यावी.

पार्श्वभूमीसाठी 'मराठी विश्वकोश' हा चांगला प्रारंभ आहे. वाई येथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध होऊ लागलेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि आता त्यातील नोंदी संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. नोंदीच्या अखेरीस दिलेले लेखकाचे नाव व संदर्भग्रंथ अवश्य पाहावेत. नोंद कोणत्या काळातील आहे हेही ध्यानात घ्यावे. एकोणिसाव्या शतकाच्या माहितीला त्याने फारशी बाधा येत नाही, पण चालू काळातील आकडेवारीसाठी जुन्या नोंदीवर विसंबू नये.

मूळ ग्रंथाच्या शोधात तुम्ही भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाकडे जाल. आयआयटी खरगपूर येथून चालणारे हे ग्रंथालय २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. नावात ग्रंथालय असले, तरी ते बहुतांशी ठिकठिकाणच्या संग्रहांची एकत्र सूची आहे. तेथे नोंद आढळली म्हणजे ग्रंथ हाती आला असे होत नाही. काही नोंदींवरून थेट ग्रंथ उघडतो, काही ठिकाणी वर्गणीदार संस्थेलाच प्रवेश असतो. याचे एक कारण स्वामित्वहक्क हे आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो टिकतो. त्यामुळे १८८२ चा निबंध छापण्यास आज आडकाठी नाही, परंतु स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये हा निबंध संपादून पुन्हा प्रकाशात आणला, त्या आवृत्तीतील त्यांचे स्वतःचे लेखन मुक्तपणे उपलब्ध असेलच असे नाही. ते पुस्तक ग्रंथालयातच शोधावे लागेल.

समीक्षेसाठी 'शोधगंगा' हा संग्रह विशेष उपयोगी आहे आणि विशेष धोक्याचाही. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट या केंद्राने चालविलेल्या या संग्रहात भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध विनामूल्य वाचता येतात. बहुतेक प्रबंध प्रकरणवार, स्वतंत्र फाइलींच्या रूपात ठेवलेले असतात. तुम्ही सर्वप्रथम संदर्भग्रंथसूचीची फाइल उघडावी. कुणीतरी काही वर्षे खपून तयार केलेली ही यादी तुम्हांला पाच मिनिटांत मिळते. धोका असा, की प्रबंधातील सिद्ध परिच्छेद उचलण्याचा मोह होतो. प्रबंध हे पदवीसाठी केलेले लेखन असते, त्यांचा दर्जा समान नसतो आणि एका प्रबंधातील चूक दुसऱ्यात जशीच्या तशी उतरलेली पुष्कळदा दिसते. प्रबंधातील अवतरण मूळ ग्रंथाशी ताडून पाहिल्याखेरीज आपल्या उत्तरात घेऊ नये.

शोध निष्फळ ठरण्याचे आणखी एक कारण लिपीत आहे. अनेक मराठी प्रबंध म्हणजे पानांची केवळ छायाचित्रे असतात, तर काही जुन्या फाँटमध्ये टंकलेले असतात. त्यांतील शब्द संगणकाला ओळखता येत नाहीत. म्हणून आतील मजकुरात नव्हे, तर शीर्षक व लेखकनाम यांत शोधावे. 'स्त्रीपुरुषतुलना' हा शब्द जोडून, तोडून, मध्ये आडवी रेघ देऊन आणि रोमन लिपीत निरनिराळ्या प्रकारे लिहून पाहावा. १९६२ पूर्वीच्या छपाईत आज न लिहिले जाणारे अनुस्वार असतात, हेही विसरू नये.

इंग्रजी वाचनाची सवय असेल तर 'जेस्टोर' पाहावे. तेथे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' आणि साहित्य अकादेमीचे 'इंडियन लिटरेचर' यांचे अंक आहेत. बरीच नियतकालिके तेथे काही वर्षांच्या अंतराने येतात, तेव्हा अगदी ताज्या लेखासाठी ते स्थळ नव्हे. ताराबाईंच्या निबंधाचा रोझलिंड ओ'हॅन्लन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला; अनुवादिकेचे नाव घालून शोधल्यास त्यावरील चर्चा लवकर सापडते.

हे सर्व करूनही मराठी समीक्षेचा मोठा भाग तुमच्या पडद्यावर येणार नाही, कारण तो 'सत्यकथा', 'नवभारत', 'अस्मितादर्श', 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका' यांसारख्या नियतकालिकांच्या अंकांत विखुरलेला आहे. तेथे संगणकापेक्षा छापील सूची अधिक कामाची ठरते. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' १८०० ते १९५० या काळातील ग्रंथांची वाट दाखविते. तुमच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयात जुन्या अंकांचे बांधीव खंड असू शकतात. ते बहुधा कपाटात मागे असतात आणि विचारल्याशिवाय कुणी काढून देत नाही. जाताना ग्रंथपालांना 'स्त्रियांविषयी काहीतरी द्या' असे न सांगता शोधगंगेवरील सूचीतून उतरविलेले लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे नाव, महिना व वर्ष कागदावर लिहून न्यावे.

आरंभी उद्धृत केलेले वाक्य लिहिण्याची वेळ आलीच, तर त्याऐवजी कोणत्या संग्रहांत, कोणते शब्द घालून, कोणत्या दिवशी शोध घेतला आणि तेथे काय आढळले नाही, हे दोन ओळींत नमूद करावे. परीक्षकाला ते पडताळून पाहता येते.