न झालेल्या स्पर्धेचा भाव

तुमच्या मोबाइल कंपनीचा टॉवर गावात असतो. पण तिथून शहरापर्यंत जाणारं फायबर पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीचं असतं, घाऊक भावानं भाड्यानं घेतलेलं. तुमच्या बिलात हे भाडं वेगळं दिसत नाही, पण भरता तुम्हीच.

ऑस्ट्रेलियानं १९९७ साली दूरसंचार बाजार खुला केला, तेव्हा या घाऊक सेवेवर तिथल्या स्पर्धा आयोगाची देखरेख आली. देशभर जाळं होतं ते टेलस्ट्राचं, म्हणजे जुन्या सरकारी कंपनीचं. प्रतिस्पर्ध्यांना तिच्याच दारात भाडं भरणं भाग होतं. ज्या मार्गांवर इतरांचंही फायबर होतं, तिथलं नियंत्रण उठलं. कसोटी ढोबळमानानं अशी: तीन तरी कंपन्यांचं फायबर जवळ पोहोचलंय का? पोहोचलं असेल तर बाजारावर सोडा.

आणि नसेल तर? भाव आयोगानं ठरवायचा, पण कशावरून? मालकाला खर्च विचारावा, तर हिशेबाच्या वह्या त्याच्याच हातात. २०१२ साली आयोगानं एक युक्ती केली. स्पर्धा असलेल्या मार्गांवरचे खरे भाव गोळा केले, अंतर, क्षमता वगैरेंशी त्यांचं नातं संख्याशास्त्रानं काढलं, आणि ते सूत्र स्पर्धा नसलेल्या मार्गांना लावलं. इथे स्पर्धा असती तर काय भाव असता, ते असं काढलं!

मला इथे आपले नैयायिक आठवतात. जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणालात की ते विचारणार, सरपण ओलं होतं का? तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणत. आता पाहा, शहरी मार्गावर खर्च लाखो ग्राहकांत वाटला जातो. दूरच्या गावाकडे अंतर तेवढंच, क्षमता तेवढीच, पण ग्राहक मोजके. हा भेद सूत्रात उतरला नाही तर भाव फार खाली येतो आणि नवं फायबर टाकायला कोणी फिरकत नाही. उलट मालकाचं गाऱ्हाणं जसंच्या तसं मानलं, तर भाडं एवढं की दुसरी कंपनी गावात पाऊलच ठेवत नाही. गावकऱ्याला दोन्हीकडून एकच दुकान!

तरी माझा कौल या पद्धतीलाच आहे. तिची गृहीतकं उघड्यावर असतात, त्यांच्याशी भांडता येतं. मला खटकतो तो तीनचा आकडा. त्या तिघांनीच एकमेकांकडे बघून भाव चढा ठेवला असेल, तर मोजपट्टीच वाकडी. त्याकडे पुढच्या वेळी येऊ.