हिमयुगे का आली?

स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवरील जुरा पर्वत चुनखडकाचा बनलेला आहे. तरीही त्याच्या उतारांवर ग्रॅनाइटचे प्रचंड शिलाखंड पडलेले आढळतात. असा खडक जवळपास कोठे नाही. तो आहे मधला सखल प्रदेश ओलांडून पलीकडे, आल्प्स पर्वतात. मग हे धोंडे येथे आणले कोणी? महापुराने, असे एका पक्षाचे म्हणणे होते. तरंगत्या हिमनगांनी, असे दुसऱ्या पक्षाचे. १८३७ साली न्यूशाटेल येथील विद्वत्सभेत लुई अगासी याने सांगितले की, हे कार्य बर्फाचे असून एके काळी उत्तर गोलार्धाचा मोठा भाग बर्फाखाली गाडला गेला होता. श्रोत्यांना हे रुचले नाही. परंतु पुढील पंचवीस-तीस वर्षांत पुरावा इतका साचला की, हिमयुग झाले की नाही हा वाद मागे पडला आणि ते का झाले, हा प्रश्न पुढे आला.

या प्रश्नाचे उत्तर काही जणांनी आकाशात शोधले. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते, जुलैच्या आरंभी सर्वांत दूर. या दोन अंतरांत सुमारे ५० लक्ष किलोमीटरचा फरक पडतो. सूर्याजवळ असताना तिचा वेग वाढतो, म्हणून आज उत्तर गोलार्धाचे थंड अर्धवर्ष उष्ण अर्धवर्षाहून सुमारे ७ दिवसांनी लहान आहे. दक्षिणेत याच्या उलट. ही स्थिती कायमची मात्र नव्हे. आपल्या ज्योतिषशास्त्राला परिचित असलेल्या संपातचलनामुळे ऋतू कक्षेवरून हळूहळू सरकत जातात आणि सुमारे ११,००० वर्षांनी दोन्ही गोलार्धांची पाळी पालटते. जोसेफ आदेमार या पॅरिसच्या गणिताध्यापकाने १८४२ साली प्रतिपादन केले की, ज्या गोलार्धाच्या वाट्याला लांब हिवाळा येतो तो बर्फाने झाकला जातो. यावरील आक्षेप सरळ होता. लांब हिवाळ्यात जे उणे पडते ते सूर्यानिकटच्या उन्हाळ्यात भरून निघते. वर्षभरात दोन्ही गोलार्धांना मिळणारी उष्णता सारखीच असते.

या आक्षेपातून वाट काढली ती एका अनपेक्षित माणसाने. जेम्स क्रोल याचा जन्म १८२१ साली स्कॉटलंडमधील पर्थशायर परगण्यात झाला. शालेय शिक्षण थोडेच. त्याने गिरण्यांच्या यंत्रांची कामे केली, सुतारकाम केले, चहाचे दुकान थाटले, उतारूंसाठी खाणावळ चालवली, विम्याचे गिऱ्हाईक शोधत हिंडला. एकाही धंद्यात त्याला यश आले नाही. १८५९ साली ग्लासगोच्या अँडरसन महाविद्यालयाच्या वास्तूत तो रखवालदार म्हणून लागला. पगार बेताचा होता, पण तेथे ग्रंथालय होते आणि हाती वेळ होता. तेथेच वाचन करून त्याने १८६४ साली हिमयुगाच्या कारणांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला.

क्रोलचे म्हणणे असे. कक्षेचा आकारही बदलत असतो. कधी ती जवळजवळ वर्तुळ होते, कधी अधिक लांबट. ती फार लांबट असताना एखाद्या गोलार्धाचा हिवाळा सूर्यापासून दूरच्या टोकाला आला, तर तेथे अधिक हिम साचेल. एकूण उष्णता तीच राहील, हे त्याला मान्य होते. परंतु शुभ्र हिमावर पडलेले ऊन पुष्कळसे परावर्तित होते. म्हणून हवा आणखी थंड होते आणि हिम आणखी साचते. वाऱ्यांचे बळ बदलते. त्यांच्यामुळे वाहणारे उष्ण सागरप्रवाहही दुसऱ्या गोलार्धाकडे वळतात. क्षुल्लक कारणाला निसर्ग स्वतःच व्याज चढवीत जातो, ही कल्पना हे क्रोलचे खरे देणे होय. फ्रेंच ज्योतिषी लव्हेरिए याची सूत्रे घेऊन त्याने कक्षेच्या आकाराची लाखो वर्षांची गणिते स्वतः मांडली आणि शेवटचे हिमयुग २,४०,००० ते ८०,००० वर्षांपूर्वी होऊन गेले असे ठरविले. १८६७ साली त्याला स्कॉटलंडच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणात जागा मिळाली. १८७६ साली तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

एवढा गौरव झाला, पण जमिनीने साक्ष वेगळी दिली. नायगाराचा धबधबा कडा झिजवीत मागे सरकत आहे. बर्फ हटल्यानंतरच तो वाहू लागला असला पाहिजे. पण त्याने कोरलेली घळ पाहता हा काळ काही सहस्र वर्षांचाच ठरू लागला. ८०,००० वर्षांशी हा मेळ बसेना. शिवाय हिमयुगे उत्तरेत व दक्षिणेत आळीपाळीने आली, याचाही पुरावा मिळेना. हा वाद पुण्यापर्यंत पोहोचला होता. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात लोकमान्य टिळकांनी क्रोलच्या कालगणनेची चर्चा केली आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञांचा अलीकडचा काळ स्वीकारला. वेदकर्त्यांच्या मूलस्थानाचा त्यांचा सिद्धांत आज ग्राह्य मानला जात नाही. पण हिमयुगाच्या समाप्तीविषयी त्यांनी निवडलेली बाजू योग्य होती.

दरम्यान स्वीडिश रसायनज्ञ आऱ्हेनियस याने १८९६ साली हवेकडे बोट दाखविले. हवेतील कार्बन डायऑक्साइड मूळच्या सुमारे ०.५५ ते ०.६२ पट उरला, तर मध्यम अक्षांशांत तापमान ४ ते ५ अंशांनी उतरेल, असे त्याचे गणित होते. तेही लवकरच संशयात पडले.

क्रोलचा धागा पुन्हा उचलला तो सर्बियाच्या मिलुटिन मिलांकोविच याने. हवामानशास्त्रज्ञ केपेन याच्या सल्ल्याने त्याने कडक हिवाळा सोडून सौम्य उन्हाळा धरला. ध्रुवाजवळ हिवाळ्यात हिम पडतेच. ते उन्हाळ्यात वितळते की उरते, यावर सारे अवलंबून असते. पृथ्वीच्या आसाचा कल सुमारे ४१,००० वर्षांत कमीअधिक होतो. तोही त्याने हिशेबात घेतला. असा कल बदलतो हे क्रोल जाणून होता, पण त्याचे पुरेसे गणित त्याच्या हाती नव्हते.

निर्णायक पुरावा दक्षिण हिंदी महासागराच्या तळाशी सापडला. तेथील गाळाच्या स्तंभांत सूक्ष्म जीवांची कवचे थरांनी साठलेली होती. कवचांतील प्राणवायूच्या जड व हलक्या अणूंचे प्रमाण तत्कालीन बर्फाच्या साठ्याप्रमाणे बदलते. हेज, इंब्री व शॅकल्टन यांनी १९७६ साली ४,५०,००० वर्षांची ही नोंद वाचून दाखविली, तेव्हा तीत सुमारे २३,०००, ४२,००० आणि १,००,००० वर्षांची आवर्तने स्पष्ट उमटली. पुढे १९८७ साली अंटार्क्टिकातील व्होस्टॉक येथील बर्फात कोंडलेल्या हवेचे पृथक्करण प्रसिद्ध झाले. हिमयुगात कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे २०० वर उतरलेला होता आणि उष्ण काळी २८० च्या आसपास होता. हा वायू साऱ्या पृथ्वीवर पसरतो. त्यामुळे दोन्ही गोलार्ध एकत्र का गारठतात, हे क्रोलला न सुटलेले कोडे पुष्कळसे उलगडले.

एक गाठ अद्याप उरली आहे. कक्षेच्या आकारातील फेरफाराने वर्षाच्या एकूण उष्णतेत नगण्य फरक पडतो. तरी गेली सुमारे आठ-नऊ लक्ष वर्षे मोठी हिमयुगे जवळजवळ लक्ष वर्षांच्या अंतराने आली. त्यापूर्वी ती ४१,००० वर्षांच्या तालावर येत असत. हा ताल का पालटला, याविषयी शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.