चिनी काव्यांतील चंद्र



आपल्याकडे चंद्र म्हटला कीं प्रथम आठवतें तें सुंदर मुख. संस्कृत कवींनीं नायिकेच्या मुखाला चंद्राची उपमा इतक्या वेळां दिली आहे कीं, ‘चंद्रमुखी’ हा शब्द उच्चारतांना आकाशाकडे पाहण्याची गरजहि आपणांस वाटत नाहीं. चीन देशाच्या प्राचीन काव्यांतहि चंद्र पानोपानीं भेटतो. परंतु तेथें त्याच्याकडे मुख्य काम निराळें आहे. एकमेकांपासून दुरावलेल्या दोन माणसांच्या मध्यें तो उभा असतो. असें कां व्हावें, आणि या चंद्राच्या मागें कोणती कथा आहे, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम कथा पाहूं. यी नांवाचा एक मोठा धनुर्धर होता. आकाशांत एकदम दहा सूर्य प्रकट होऊन पृथ्वी होरपळूं लागली, तेव्हां त्यानें नऊ सूर्य बाणांनीं पाडले, अशी त्याची ख्याति. पश्चिमेकडील राजमाता या देवीकडून त्याला अमरत्वाचें औषध मिळालें. परंतु त्याची पत्नी छांग-अ हिनें तें चोरून प्राशन केलें आणि ती चंद्रावर निघून गेली. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतील ‘ह्वाय-नान-त्झू’ या ग्रंथांत या चोरीचा उल्लेख आहे. तिला अमरत्व मिळालें खरें. पण ज्या पृथ्वीवर तिचें घर होतें, ती मात्र कायमची दुरावली.

चंद्रावर तिला शेजार आहे, तोहि विचित्रच. तेथें वू कांग नांवाचा एक मनुष्य सुगंधी वृक्षावर कुऱ्हाड चालवीत असतो. सिद्धि मिळविण्याच्या मार्गांत प्रमाद घडल्यामुळें त्याला ही शिक्षा झाली आहे. प्रत्येक घाव बसतांच भरून येतो आणि झाड कधींच पडत नाहीं. दुसरा शेजारी म्हणजे उखळांत औषधि कुटीत बसलेला ससा. ‘शशांक’ आणि ‘शशी’ हे शब्द रोज वापरणाऱ्या आपणां मंडळींना हा ससा परका वाटणार नाहीं. चांगशा नगराजवळ इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतील एका सरदारपत्नीची समाधि १९७२ सालीं उकलण्यांत आली. तींत सांपडलेल्या रेशमी पटावर चंद्रकोर रंगविलेली असून तिच्यापाशीं भेक आणि ससा दोघेहि आहेत. बौद्ध धर्म चीनमध्यें रुजण्याच्या पूर्वींचा हा पट आहे. पुढें सातव्या शतकांत ह्युएनत्संग हा यात्रेकरू भारतांत आला. महाराष्ट्राचें आणि पुलकेशीचें वर्णन करणारा तोच हा प्रवासी. अतिथीसाठीं स्वतःचा देह अग्नींत अर्पण करणाऱ्या आणि त्यामुळें चंद्रावर स्थान मिळालेल्या सशाची कथा वाराणशीच्या वर्णनांत त्यानें नोंदून ठेवली. अशा रीतीनें चंद्रावरील आपल्या सशाची हकीकत चिनी वाचकांपुढें गेली.

आतां भाषेकडे वळूं. चिनी भाषेंत चंद्र आणि महिना यांना ‘युए’ हा एकच शब्द आहे. संस्कृतांतील ‘मास’ शब्दाचीहि हीच गोष्ट. याहून महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘थ्वान-युआन’. दुरावलेलीं कुटुंबांतील माणसें पुन्हां एकत्र जमणें, असा त्याचा अर्थ. आणि त्यांतील ‘युआन’ म्हणजे गोल. चिनी मनाला चंद्राचें पूर्ण बिंब आणि घरांतील भरलेली पंगत या दोन गोष्टी एकाच शब्दांत दिसतात. म्हणूनच घरापासून दूर असलेल्या माणसाला पौर्णिमा ही अमावास्येपेक्षां अधिक जाचक होते. आकाश पूर्ण आणि घर अपूर्ण, हा विरोध त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो.

आणि घरापासून दूर असणें हें त्या काळच्या चिनी कवीच्या नशिबींच होतें. हे कवि बहुधा राजसेवक असत. आज राजधानींत, तर उद्यां शेंकडों कोसांवरच्या प्रांतांत अशा त्यांच्या बदल्या होत; राजाची इतराजी झाली तर हद्दपारीहि होई. पत्र पोंचावयास आठवडे, महिने लागत. एकाच रात्रीं दोन्ही ठिकाणांहून दिसूं शकेल अशी वस्तु एकच होती, ती म्हणजे चंद्र.

ली बाइ (इ. स. ७०१–७६२), ज्याला जुन्या इंग्रजी भाषांतरांतून ‘ली पो’ म्हणत, त्याची अवघ्या २० अक्षरांची एक कविता चीनमधील शाळकरी मुलांनाहि पाठ असते. तींत घडतें तें इतकेंच कीं, रात्रीं अंथरुणाजवळ पडलेलें चांदणें पाहून प्रवाशाला घर आठवतें. हाच कवि दुसऱ्या एका कवितेंत सोबती नाहीं म्हणून चंद्राला मद्यपानास बोलावतो आणि स्वतःची सांवली धरून तिघांची मैफल जमवितो. पाण्यांतील चंद्रबिंब कवटाळतांना तो बुडाला ही आख्यायिका आहे. परंतु ज्याचें काव्य असें होतें त्याला लोकांनीं मरणहि तसेंच दिलें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

त्याचा मित्र दू फू (इ. स. ७१२–७७०) याच्या हातीं ही कल्पना फार उंच गेली. ७५५ सालीं आन लू-शान या सेनापतीनें बंड केलें. दू फूनें बायकामुलांना उत्तरेकडे एका गांवीं सुरक्षित ठेविलें आणि तो नव्या बादशहाकडे निघाला. पण वाटेंत बंडखोरांनीं त्याला पकडून राजधानींत नेलें. तेथें ७५६ च्या सुमारास त्यानें चांदण्या रात्रीवर एक कविता लिहिली. कैदेंतील मनुष्य स्वतःचें दुःख सांगेल अशी आपली अपेक्षा असते. दू फू तसें करीत नाहीं. दूर गांवीं आपली पत्नी एकटीच चंद्र पाहत उभी असेल, हें तो मनानें पाहतो. बापाची आठवण म्हणजे काय हें मुलांना अजून कळत नसेल, म्हणून ती अधिकच एकटी. स्वतःचा विरह त्यानें तिच्या डोळ्यांनीं दाखविला. ७५७ सालीं तो निसटला आणि पुढें कुटुंबाला भेटला. पण त्या रात्रीं हें त्याला ठाऊक नव्हतें.

यानंतर तीन शतकांनीं सू शी (इ. स. १०३७–११०१) या कवीनें १०७६ सालच्या मध्य-शरद पौर्णिमेला रात्रभर मद्यपान करून आपल्या धाकट्या भावासाठीं एक गीत रचलें. राजकारणांतील मतभेदामुळें तो राजधानी सोडून मी-चौ येथें अधिकारी होता, आणि भावाची भेट होऊन कित्येक वर्षें लोटलीं होतीं. चंद्राला क्षयवृद्धि आहे तशी माणसांना भेट आणि वियोग आहे, ही समजूत काढून तो एवढेंच मागतो कीं, दोघेहि दीर्घायुषी व्हावेत आणि दुरूनच कां होईना, हें एक सौंदर्य दोघांनीं वांटून घ्यावें.

येथें छांग-अच्या कथेचा अर्थ उलगडतो. नवव्या शतकांतील ली शांग-यिन या कवीनें तिला चोर म्हणून धिक्कारलें नाहीं. आपल्या कृत्याचा तिला पश्चात्तापच होत असेल, अशी करुणा त्यानें दाखविली. पृथ्वीवरील वियोगी माणसांना कधीं तरी भेटीची आशा असते. तिला ती नाहीं, कारण तिच्या आयुष्याला अंतच नाहीं. अमरत्व एकट्यानें भोगावयाचें असेल तर तो वर नव्हे, शिक्षा होय, हें या काव्यानें ओळखलें.

मध्य-शरद पौर्णिमेचा हा सण चिनी वर्षाच्या आठव्या महिन्यांत, म्हणजे बहुधा आपल्या भाद्रपदी पौर्णिमेस येतो. त्या रात्रीं कुटुंबें एकत्र जमून गोल चंद्रपोळ्या वांटून खातात. चंद्राच्या पाठीमागच्या भागावर जानेवारी २०१९ मध्यें प्रथमच उतरलेल्या चिनी यानालाहि छांग-अचेंच नांव दिलेलें आहे. अंतर मोजण्याचीं साधनें बदललीं. परंतु दूर राहणाऱ्या आपल्या माणसाला, ‘आज चंद्र पाहिलास का?’ असें विचारण्यांतील अर्थ दू फूच्या काळीं होता तोच आहे.