जुनी मोटारसायकल आणि नवे सुटे भाग



वसंतातल्या व्याख्यानांत संत, इतिहास, साहित्य, शेती हे विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंगतीला मोटारसायकल कशी येऊन बसली, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल, तर ती वावगी नाही. परंतु आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावात जा. एखाद्या पडवीत, गोठ्याच्या कडेला किंवा धान्याच्या कोठीमागे गोणपाटाखाली झाकलेली एक जुनी गाडी सापडण्याचा संभव आहे. ती बुलेट असेल, जावा किंवा येझदी असेल, नाही तर दुधाचे कॅन वाहून वाकलेली राजदूत असेल. घरातील कर्ता पुरुष तिच्यावर बाजाराला गेला, लग्नाची बोलणी करून आला, रात्री-अपरात्री डॉक्टरला आणायला धावला. आता त्याचा मुलगा किंवा नातू ती बाहेर काढतो आणि म्हणतो, हिला नवे भाग घालून पुन्हा रस्त्यावर आणू. ही इच्छा चांगली आहे. ती पुरी कशी करावी आणि कोठे थांबावे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम या गाड्यांची थोडी ओळख करून घेऊ. बुलेट १९४९ च्या सुमारास विलायतेहून आपल्या देशात आली. लष्कराने ती सरहद्दीवरील गस्तीसाठी पसंत केली, आणि १९५५ साली मद्रासेत एन्फिल्ड इंडिया ही कंपनी निघाली. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून जावा बाहेर पडू लागली. तिलाच १९७३ पासून येझदी हे नाव मिळाले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद झाला. राजदूत ही मूळ पोलंडच्या एका गाडीवरून घेतलेली. तीही साठीच्या दशकातच आली. बुलेटचे इंजिन चार फेऱ्यांचे, म्हणजे फोर-स्ट्रोक. जावा आणि राजदूत यांचे दोन फेऱ्यांचे, त्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. हा भेद पुढे उपयोगी पडेल.

या गाड्या ज्या काळी घडल्या, त्या काळचे रस्ते अरुंद, रहदारी थोडी आणि वेग बेताचा होता. आज मलकापूर-खामगाव-अकोला या हमरस्त्यावर मागून येणारा ट्रक ज्या वेगाने येतो, तो त्या गाडीच्या रचनाकाराने गृहीत धरलेला नव्हता. म्हणून नवे भाग घालणे हा केवळ शौक नाही. काही बाबतींत ती गरज आहे. मात्र नवे काय घालावे याचा क्रम बहुतेक लोक उलटा लावतात. आम्हीही तो उलटाच लावला होता.

वडिलांची गाडी आम्ही घरच्या अंगणात उघडली तेव्हा पहिल्या प्रथम मोठे कार्बोरेटर बसवले, मग मोकळ्या आवाजाचा सायलेन्सर, मग मागे रुंद टायर. गाडी दिसू लागली आणि पळूही लागली. मे महिन्यात मागे घरातले माणूस बसवून, डिकीत सामान भरून आम्ही बुलढाण्याहून राजूर घाट उतरत होतो. अर्ध्या घाटात पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबावी तेवढी जवळ येऊ लागली आणि गाडी काही केल्या आवरेना. शेवटी खालचा गिअर टाकून, डोंगराच्या बाजूची माती धरून आम्ही थांबलो. कोणाला लागले नाही. पण मागे बसलेल्या माणसाने उतरून एक शब्दही न बोलता ड्रमकडे पाहिले, ते आम्ही विसरलो नाही. पुढे खामगावच्या एका वृद्ध मिस्त्रींना ही हकिकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, गाडी पयवाले सारेच येतात, थांबवाले कोनी येत नाही." आजच्या व्याख्यानाचे सार या वाक्यात आहे.

घाटात नेमके काय झाले होते, ते आकड्यांनी पाहू. गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून ३०० किलो वजन धरा. ते १०० मीटर खाली उतरले की सुमारे २ लाख ९४ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीला आणण्यास जवळजवळ तेवढीच उष्णता लागते. वाऱ्याचा आणि इंजिनाचा रोध तीतील काही भाग घेतो. उरलेली सगळी ब्रेकच्या ड्रमात जाते. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो. लायनर तापले की त्यांची पकड कमी होते. वेगाचा हिशेबही असाच आहे. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० ने जाणारी गाडी थांबवायची, तर ब्रेकला दीडपट नव्हे, सव्वादोन पट काम करावे लागते. आम्ही इंजिनाची ताकद वाढवली होती आणि ब्रेक पन्नास वर्षांपूर्वीचाच ठेवला होता.

म्हणून पहिला क्रमांक थांबण्याचा. जुन्या ड्रमात दोन शू असतात. चाक फिरते तसा एक शू आपोआप ड्रमकडे ओढला जातो, दुसरा मागे ढकलला जातो. पुढच्या काळातील बुलेटला जो सात इंची ड्रम आला, त्यात दोन्ही शू ड्रमकडे ओढले जातात, त्यामुळे त्याच बोटांच्या जोराने पकड बरीच वाढते. अशा ड्रमाचे चाक त्याच घराण्यातील गाडीला बसवणे हा घरी करता येण्यासारखा सर्वांत सरळ बदल. गाडीचे रूपही त्याने बिघडत नाही. त्यात एक उणे आहे: चढावर गाडी मागे सरकू लागली, तर हे शू उलट्या दिशेला कमी धरतात. तेव्हा चढावर थांबताना मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवावी.

डिस्क ब्रेक त्याहून चांगला, कारण तो उघड्या वाऱ्यात राहतो आणि लवकर थंड होतो. पण जुन्या फोर्कच्या नळीला वेल्डिंग करून त्यावर कॅलिपर टांगणे हे काम कोणी सुचवले, तर त्याला नमस्कार करून परत यावे. डिस्क लागते तेव्हा सगळा पीळ एका पायावर येतो. जुनी नळी त्यासाठी केलेली नसते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तिचे पोलाद दुबळे होते. डिस्क हवीच असेल, तर त्याच जातीच्या नव्या गाडीचा फोर्क, चाक, डिस्क आणि मास्टर सिलिंडर हा सबंध संच घ्यावा. स्टिअरिंगचा दांडा आणि त्याच्या बेअरिंगांची मापे आधी कॅलिपरने मोजावीत, आणि जुळली तरच बसवावा.

टायर हाही थांबण्याचाच भाग आहे. बुलेटचे मूळ माप ३.२५ गुणिले १९. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचा माथा गोलसर उभा राहतो. जमिनीशी संबंध वाढण्याऐवजी कमी होतो, आणि वळणावर गाडी अडखळते. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालातील २३ वा आठवडा. नक्षी कितीही ठळक असो, सहा-सात वर्षे उन्हात कडक झालेले रबर घाटाखालच्या उन्हाळ्यात विश्वासाचे नव्हे.

दुसरा क्रमांक दिसण्याचा. जुन्या गाड्यांची वीज सहा व्होल्टची असे. इंजिन मंदावले की दिवा कंदिलासारखा होई, हे येथील ज्येष्ठांना आठवत असेल. ३६ वॅटचा दिवा सहा व्होल्टवर ६ अँपिअर प्रवाह घेतो, बारा व्होल्टवर ३. प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेत वाया जाणारी शक्ती चौथाई होते. म्हणून बारा व्होल्ट करणे हा खराखुरा लाभाचा बदल आहे. पण नुसती बारा व्होल्टची बॅटरी ठेवून हे होत नाही. बल्ब उडतात आणि बॅटरी भरत नाही. वीज करणारा भाग, तिला आवरणारे आर. आर. युनिट, कॉइल, हॉर्न आणि सगळे बल्ब एकत्र बदलावे लागतात. जुनी वायरिंग तर काढूनच टाकावी. पन्नास वर्षांत तिचे आवरण पापडासारखे झालेले असते, आणि टाकीखालून जाणारी एक उघडी तार सगळी गाडी जाळू शकते. नव्या वायरिंगला बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

दिवा बदलताना एक संयम पाळावा. जुन्या हेडलाइटचा आरसा ठराविक जागी असलेल्या तारेसाठी घडवलेला असतो. त्यात बाजारातील झगझगीत एल.ई.डी. घातला, की प्रकाश रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शेगावच्या वाटेवर रात्री पायी चालणारे वारकरी आणि कापसाच्या गाड्या हाकणारे शेतकरी असतात. त्यांना आंधळे करून आपल्याला दिसणे हे दिसणे नव्हे. योग्य आरशासह साधा हॅलोजन पुरे.

वीज बदलली की प्लॅटिनचा प्रश्न येतो. ठिणगी देणाऱ्या त्या दोन टोकांमधील फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास राखावी लागते, आणि ती झिजत जाते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनला झीज नाही, आणि गाडी पहिल्या किकला सुरू होते. पण प्लॅटिन बिघडले तर काडेपेटीच्या कागदाने घासून घरी येता येते. इलेक्ट्रॉनिक डबी बिघडली, तर बोथ्याच्या जंगलात तिच्यावर काही उपाय नाही. ती बसवणाऱ्याने जुनी प्लेट डिकीत ठेवावी.

तिसरा क्रमांक पेट्रोलचा, आणि हा अगदी आजचा आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले, आणि दोन वर्षांत ते देशभर सर्वसाधारण झाले. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व वॉशर फुगवते, हवेतील ओल शोषते आणि टाकीत गंज धरवते. म्हणून नळी, कार्बोरेटरचे वॉशर आणि सुई इथेनॉल सोसणारी घ्यावीत, आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर रिकामे करावे. शिवाय या पेट्रोलने मिश्रण पातळ होते आणि इंजिन अधिक तापते. प्लगचे टोक पांढरे फटक दिसले, तर मुख्य जेट एक पायरी मोठा करावा; विटकरी तपकिरी रंग आला की समजावे, जमले. दोन फेऱ्यांच्या गाडीवाल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की त्यांचे तेल पेट्रोलबरोबरच येते. लांब उतारावर मूठ सर्वस्वी बंद ठेवली, तर पिस्टन कोरडा पडतो. मधून मधून मूठ थोडी उघडावी.

वेग शेवटी. मोठ्या कार्बोरेटरबरोबर हवेची उघडी जाळी बसवण्याची हौस असते. आपली काळी माती मार्च-एप्रिलात पिठासारखी उडते, आणि ती इंजिनात गेली की बोअर घासून खाते. मूळचा फिल्टर कुरूप असेल, पण तो या मातीला ओळखतो.

हे सारे घरी करताना हत्यारांपेक्षा शिस्त महत्त्वाची. जुन्या बुलेटला इंग्रजी मापाचे आटे आहेत. ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिलिमीटर, त्या छिद्रात दहा मिलिमीटरचा बोल्ट जोराने फिरवला, की अॅल्युमिनियमचे आटे कायमचे जातात. प्रत्येक बोल्ट काढताना चिठ्ठी लावून डबीत ठेवावा. एक मल्टिमीटर, एक फीलर गेज आणि इंची पान्यांचा संच, एवढ्यावर बरेच काम होते. लेथचे आणि बोअरचे काम मात्र वर्कशॉपलाच द्यावे.

आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ स्वरूपात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी ते निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. फ्रेम कापणे, दुसऱ्या जातीचे इंजिन घालणे हे अपराध आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच जातीचे इंजिन घालायचे तरी परवानगी लागते. किरकोळ जोडण्यांना मुभा आहे. तरी ब्रेकसारखा बदल हाती घेण्यापूर्वी आर.टी.ओ.त जाऊन विचारावे, हे उत्तम. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्या पासिंगच्या दिवशी चॅसीवरचा नंबर रंगाखाली बुजलेला निघाला, तर बापाची गाडी आपली आहे हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 'विंटेज' अशी वेगळी नोंदणी काढली आहे. पण ती फ्रेम व इंजिन मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीलाच मिळते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे गाडी जपायची की वापरायची, हे पाना हाती घेण्यापूर्वी ठरवले पाहिजे.

तात्पर्य, प्रत्येक नव्या भागाला तीन प्रश्न विचारावेत: याने गाडी अधिक चांगली थांबेल किंवा दिसेल काय? हा भाग काढून जुना पुन्हा बसवता येईल काय? आणि हे पासिंगला उघडपणे दाखवता येईल काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर खुशाल बसवा. काढलेले जुने भाग भंगारात देऊ नका. तेल लावून, कागदात गुंडाळून, नाव लिहून पेटीत ठेवा. आपण आज बदलतो ते उद्याच्या नातवाला मूळ रूपात पाहावेसे वाटेल.

आमच्या गाडीचे मोठे कार्बोरेटर आता त्याच पेटीत आहे. पुढे दोन ओढणाऱ्या शूंचा ड्रम आहे, बारा व्होल्टचा दिवा आहे, आणि ती पूर्वीइतकी पळत नाही. राजूर घाटात मागे बसलेले तेच माणूस परवा पुन्हा त्याच घाटाने आमच्याबरोबर खाली उतरले. आणि उतरल्यावर त्याने ड्रमकडे पाहिले नाही.