बाळंतिणीची विचारपूस

घरात पाळणा हलला की घराचे रूपच पालटते. डिंकाचे व अळिवाचे लाडू वळले जातात, मालीश करणाऱ्या बाई रोज सकाळी येऊ लागतात, पेढीवर पेढे वाटले जातात, बारशाचा दिवस ठरतो. भेटीस येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘बाळ कसे आहे? वजन किती भरले? दूध पुरते ना?’ या साऱ्या लगबगीत एक प्रश्न मात्र बहुधा राहूनच जातो. तो म्हणजे, ‘तू कशी आहेस?’

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे आपल्या शेजारच्या गोव्यात झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सरकारी रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांची पाहणी केली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांपैकी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांतील निम्म्याहून अधिक माता सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. आर्थिक ओढाताण आणि पतीशी बिघडलेले संबंध ही त्यामागची प्रमुख कारणे होती. मुलगा झाला की मुलगी, याचाही परिणाम मातेच्या मनावर होत असल्याचे दिसले. ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ असे तोंडाने म्हणताना आपला चेहरा काय सांगतो, हे बाळंतीण नेमके टिपत असते.

यात मनाच्या दुबळेपणाचा प्रश्न नाही. गर्भारपणात वाढलेली इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके प्रसूतीनंतर अवघ्या काही दिवसांत झपाट्याने उतरतात. त्यात रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांची होते. मेंदूतही या काळात मोठे फेरफार घडतात. 2016 च्या अखेरीस स्पेनमधील संशोधकांनी प्रथमच माता होणाऱ्या 25 स्त्रियांच्या मेंदूची गर्भधारणेपूर्वी व प्रसूतीनंतर घेतलेली चित्रे ताडून पाहिली. दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याचे काम करणाऱ्या भागांतील करड्या द्रव्याचे आकारमान घटलेले दिसले आणि हा बदल दोन वर्षांनंतरही टिकून होता. स्मरणशक्ती मात्र उणावलेली नव्हती. न बोलणाऱ्या जीवाची गरज ओळखण्यासाठी मेंदू नव्याने घडत असावा, असा या बदलाचा अर्थ संशोधकांनी लावला. अशा घडणीच्या काळात मन हळवे असते. विश्वासाचे माणूस जवळ असले की शरीराची ताणाला मिळणारी प्रतिक्रिया सौम्य होते. एकाकीपणात ती अधिक तीव्र होते.

आपल्या घरांत माणसांची वाण नसते. मग एकाकीपण कसले, असे कोणी म्हणेल. पण जरा बारकाईने पाहू. सुतकामुळे बाळंतीण मंदिरात जात नाही. एरवी प्रवचनाला, महिला मंडळात भेटणाऱ्या मैत्रिणी दुरावतात. पती सकाळी दुकानात जातो, तो रात्री हिशेब आटोपून परततो. पहिले बाळंतपण माहेरी झाले असेल, तर काही आठवड्यांनी ती सासरी येते आणि आईच्या मायेतून एकदम पंगतीच्या स्वयंपाकात उभी राहते. शरीराचा सव्वा महिना संपला म्हणून मनाचाही संपला, असे घर गृहीत धरते. गोव्यातील त्या सहा महिन्यांनंतरही न सावरलेल्या माता नेमके हेच सांगतात, की मनाला याहून अधिक अवधी लागतो.

मग आधार म्हणजे काय? त्याचेही उत्तर गोव्यातच मिळाले. तेथे ‘संगाथ’ या संस्थेने गर्भारपणातच नैराश्य जडलेल्या 280 स्त्रियांची निवड करून त्यांपैकी निम्म्या स्त्रियांकडे गावातीलच सामान्य स्त्रियांना प्रशिक्षण देऊन पाठवले. त्या डॉक्टर नव्हत्या. त्या घरी जात, ऐकून घेत, दिवसाची आखणी करण्यास मदत करीत. प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी या गटातील 73 टक्के स्त्रिया नैराश्यातून बाहेर आल्या होत्या. अशी सोबत न मिळालेल्या गटात हे प्रमाण 60 टक्के होते.

ही सोबत आपल्या घरातही देता येते. रात्रीचे एक पाजणे झाल्यावर सासूबाईंनी वा पतीने बाळ घ्यावे आणि तिला सलग चार तास झोपू द्यावे. पतीने दुकानातून आल्यावर अर्धा तास फक्त तिच्याशी बोलावे. नणंदेने, जावेने तिला सल्ला न देता तिचे ऐकावे. सासरी परतलेल्या लेकीला आईने बाळाआधी तिची खुशाली विचारावी.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणे हे पुष्कळ मातांच्या बाबतीत घडते व दोन आठवड्यांत ओसरते. परंतु उदासी त्यापुढेही राहिली, बाळ झोपले तरी तिला झोप लागत नसेल, बाळाविषयी ओढ वाटत नसेल, ‘मी चांगली आई नाही’ असे ती पुनःपुन्हा म्हणत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. स्तनपान चालू असतानाही घेता येतील असे उपचार आहेत. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतूनही सल्ला मिळतो. भास होणे, असंबद्ध बोलणे, स्वतःला वा बाळाला इजा करण्याचा विचार येणे, असे काही दिसल्यास तिला क्षणभरही एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. ‘लोक काय म्हणतील’ या विचारात गेलेला एक दिवसही महाग पडू शकतो.

मुंगीलाही दुखवू नये, या संस्कारात आपण वाढलो. उंबरठ्याच्या आत मुकाट्याने सोसणाऱ्या जीवाकडे दुर्लक्ष झाले, तर तो संस्कार अपुराच राहिला म्हणायचा. पुढच्या वेळी बाळ पाहायला जाल, तेव्हा झबले-टोपडे अवश्य न्या. मात्र पाळण्यात डोकावण्याआधी क्षणभर तिच्याजवळ बसा आणि विचारा, ‘तू कशी आहेस?’ उत्तर यायला वेळ लागला, तरी थांबा.