म्हातारी माणसे घरात का पडतात?

वाडीत कुणाची आजी पडली की मोठी माणसे म्हणतात, "वय झालं, आता असं व्हायचंच." मित्रांनो, हे अर्धेच खरे आहे. वयामुळे तोल सांभाळणे कठीण जाते, हे बरोबर. पण पडण्यामागे बहुतेक वेळा काही ना काही कारण असते, आणि त्यातली पुष्कळ कारणे आपल्याला घरच्या घरी काढून टाकता येतात. आपल्या कोकणात कर्ती माणसे मुंबईला आणि गावच्या घरात नुसते आजी-आजोबा, असे पुष्कळ ठिकाणी असते. तिथे कुणी पडले तर हाक ऐकायलाही जवळ माणूस नसते. म्हणून मी हा विषय घेतला.

पडणे ही लहान गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या माहितीप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांत साठीच्या पुढची माणसे सर्वांत जास्त. आपण खळ्यात पडलो तर गुडघा खरचटतो, हळद लावली की दुसऱ्या दिवशी पुन्हा लंगडी खेळायला तयार! पण म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात, बायकांची तर जास्तच. आजी तशीच पडली तर खुब्याचे हाड मोडू शकते. मग ऑपरेशन आणि पुढे कित्येक महिने दुसऱ्याच्या आधाराने चालणे.

आता घरातली कारणे पाहू.

पहिले कारण पाणी. साबणाने न्हाणीतली लादी बुळबुळीत होते. पावसाळ्यात खळे, पाखाडी आणि विहिरीचा काठ यांवर शेवाळ धरते. जाण्यायेण्याच्या वाटेवर झावळ्या अंथरण्याची आपली जुनी रीत फार चांगली आहे. शिवाय शेवाळ खराट्याने घासून काढावे. न्हाणीत भिंतीला मजबूत लोखंडी दांडा बसवावा. कपड्यांच्या खुंटीला धरून उठू नये, ती कधी उपटून येईल सांगता येत नाही.

दुसरे कारण अंधार. म्हाताऱ्या माणसांना रात्री लघवीला उठावे लागते, आणि पावसात वीज तर हमखास जाते. त्यांच्या उशाशी हाताला लागेल अशी बॅटरी ठेवावी.

तिसरे कारण पायात येणाऱ्या वस्तू. दारातले दुमडलेले गोणपाट, पंख्याची वायर, पडवीत टाकलेली दप्तरे आणि चपला. उंच उंबरठा दिसावा म्हणून त्याच्या कडेला पांढरा रंग द्यावा. रोज लागणारे डबे वर फळीवर ठेवू नयेत, नाहीतर आजी स्टुलावर चढणारच!

चौथे कारण पायताण. झिजलेल्या आणि सैल सपाता घसरतात. मागे पट्टा असलेली, तळाला खाचा असलेली चप्पल बरी.

काही कारणे शरीरातही असतात. मोतीबिंदूमुळे पायरी नीट दिसत नाही. एकदम उठले की काहींचा रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून अंथरुणातून उठताना आधी थोडा वेळ कडेला बसावे, मग उभे राहावे. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही घेरी येते. त्या मनाने बंद करायच्या नाहीत. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवायच्या.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. आजी एकदा पडली की घरचे प्रेमाने म्हणतात, "तू आता हलू नकोस, एका जागी बस." आजीही घाबरते आणि बसते. पण बसून बसून पायांतली ताकद जाते, आणि ताकद गेली की माणूस पुन्हा पडते. म्हणजे जपायला गेलो आणि उलटेच झाले! न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने म्हाताऱ्या माणसांना घरीच करण्यासारखे पायांचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले, बरोबर चालायलाही सांगितले. त्यामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश कमी झाले. त्यातले दोन व्यायाम सोपे आहेत. एक, खुर्चीवरून सावकाश दहा वेळा उठणे-बसणे. दोन, पडवीचा खांब धरून टाचा उचलणे आणि टेकणे. तेव्हा आजीला कोंबड्यांना दाणे घालू दे, देवळात जाऊ दे. वाट मात्र आपण साफ ठेवायची.

तोल कसा आहे हे ओळखण्याची एक चाचणी आहे. जमिनीवर ३ मीटरवर खडूने रेघ ओढा. आजोबांनी खुर्चीवरून उठायचे, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. काठी लागत असेल तर घ्यावी. शेजारी एक मोठे माणूस चालत राहील, आपण घड्याळ बघायचे. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना सांगावे.

एवढे करूनही कुणी पडलेच तर लगेच ओढून उठवू नये. आधी कुठे दुखते ते विचारावे. खुब्यात खूप दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, किंवा डोक्याला मार असेल, तर न हलवता पांघरूण घालावे आणि १०८ ला फोन करावा. एकटे राहणारे माणूस पडले तर तासन्‌तास जमिनीवर राहते आणि त्याने दुखणे वाढते. म्हणून अशा प्रत्येक घरी सकाळी शाळेत येताना आणि संध्याकाळी परत जाताना एक हाक मारून यावे. याला पैसे लागत नाहीत.

आलेल्या पालकांना एक विनंती. गणपतीला मुंबईकर घरी येतील तेव्हा खाऊच्या पुड्याबरोबर एक दांडा आणि चार स्क्रू आणायला सांगा, आणि परत जायच्या आधी तो न्हाणीत बसवून घ्या.

— इयत्ता सातवी