मांडीवरची गिटार

तरुणपणीं हौसेनें आरंभिलेल्या विद्या बहुधा अर्धवटच राहतात. पुढें संसार आणि नोकरी यांच्या धबडग्यांत त्यांचें नांवही निघत नाहीं. म्हणून ते कष्ट वायां गेले असें म्हणावें काय? माझी हवाइयन गिटार मला तसें म्हणूं देत नाहीं.

गिटार मूळची स्पेनची. पण हवाई बेटांत तिचें रूप पालटलें. १८८९ च्या सुमारास जोसेफ केकुकू या शाळकरी मुलानें तारांवर पोलादी तुकडा सरकवून सूर काढण्याची रीत शोधली, असें मानतात. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ताऊ मो हे हवाइयन वादक कलकत्त्यास राहिले, आणि तिकडे या वाद्याची गोडी वाढली.

पुण्यास आमच्या घरीं ती १९६५ सालीं आली. वडिलांना तें विलायती खूळ वाटे. आजी मात्र म्हणाली, "अरे, मांडीवर आडवी घेतली म्हणजे वीणाच कीं ही!" तिचें म्हणणें अगदींच भोळें नव्हतें, विचित्रवीणेंतही तारांवरून कांचेचा गोळा फिरवूनच मींड काढतात.

उजव्या हाताच्या बोटांत नख्या आणि डाव्या हातांत पोलादी कांडी, एवढीच सामग्री. तारा उंच उचललेल्या असल्यामुळें पडदे केवळ खुणेपुरते. कांडी पडद्याच्या बरोबर माथ्यावर यावी लागते. केसभर मागेंपुढें झाली कीं सूर ढळलाच. आमचे मास्तर एकेक सूर अर्धा अर्धा तास लावावयास सांगत आणि म्हणत, "पडद्याकडे बघूं नका, ऐका." वाड्यांतल्या सात बिऱ्हाडांची सहनशक्ति त्या वर्षीं चांगलीच कसास लागली!

१९६७ सालीं 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तींत शिवकुमार शर्मांचें संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बांसरी यांच्या जोडीला ब्रिजभूषण काब्रांची गिटार आहे. ती ऐकल्यावर वडील बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग "पुन्हा लाव" एवढेंच म्हणाले. विलायती हा शब्द त्यानंतर आमच्या घरांत गिटारीला लागला नाहीं.

पदवीची परीक्षा झाली आणि माझें वादन थांबलें. १९९४ सालीं विश्वमोहन भट्टांना ग्रॅमी पारितोषिक मिळालें, तेव्हां माझीं बोटें तें वळण केव्हांच विसरलीं होतीं. कान मात्र विसरले नव्हते. गवई गांधाराजवळ येऊन क्षणभर थबकतो, तें थबकणें मला आजही कळतें. तें अंतर मीं एके काळीं स्वतःच्या हातानें मोजलेलें आहे.

घरांत एखादें मूल वाद्य घेऊन बसलें कीं आपण लगेच विचारतों, "याचा पुढें उपयोग काय?" वादक शेंकड्यांत एखादाच होतो, परंतु उरलेल्या नव्व्याण्णवांना ऐकतां येऊं लागतें. गाणाऱ्याला समोर असे कान लाभणें, हा कांहीं लहान उपयोग नव्हे.